रिकामा डबा मागणारे दरंदले सर

अर्णव, परवा व्हिडिओ कॉलवर तू मला शाळेसाठी काढलेलं यकृताचं चित्र दाखवलंस आणि विचारलंस, "आजी, पित्त रोज वापरलं जातं, मग लिव्हरला कळतं कसं, नवं किती करायचं?" मी मेथी निवडत होते. मान वर न करता मी म्हणाले, "दुधाचे कॅन मोजून." तू खो खो हसलास. तू हसलास म्हणून धाकटी मीराही हसली. तुमची आई मात्र हसली नाही. ती मागे ओट्याजवळ उभी होती. तिनं आपले दोन्ही तळहात एकमेकांवर हळूच घासले आणि ती पुन्हा कामाला लागली. तुमच्या ते लक्षात आलं नसेल. माझ्या आलं.

त्या उत्तरामागे एक माणूस आहे. तो आता नाही, म्हणून लिहून ठेवते. आईकडून वाचून घ्या. अर्णव, तुझ्या जन्माच्या तीन आठवडे आधी हा माणूस एका दुपारी आमच्या दारात येऊन अडून बसला नसता, तर कदाचित आज तू नसतास. हे मी सजवून लिहीत नाही. कॉलेजात चौतीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं, त्यात मुलांच्या निबंधांतली सजावट खोडण्यातच माझी निम्मी लाल शाई गेली.

भानुदास दरंदले त्यांचं नाव. संगमनेरला आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. मूळचे सोनईचे, शेतकऱ्याच्या घरातले. स्टाफ क्वार्टर्समध्ये त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एक होती, अंगणात मात्र कमरेएवढा कठडा. सर उंच, वाळके, चालताना जरा पुढे झुकलेले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात पेनाच्या जागी हिरवा खडू. पित्त नेहमी हिरव्या खडूनंच दाखवायचं असा त्यांचा नियम होता, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाखाली एक हिरवट डाग असे. सिंधूताई, म्हणजे त्यांची बायको, दोरीवर शर्ट वाळत घालताना मला म्हणायच्या, "बगा वहिनी, नवऱ्याचं पित्त धुता धुता माझा जलम चाललाय."

सर फळ्यावर पुस्तकी मराठीत लिहीत आणि बोलत मात्र सोनईच्या. मी पुण्याची, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. पहिल्या वर्षी त्यांचं निम्मं बोलणं मला समजत नसे. ते म्हणत, "मॅडम, तुमी इंग्रजी बोलता तवा लई गोड वाटतं. कळत काय न्हाई, पन गोड वाटतं." कॉलेजच्या फाटकात मी 'मॅडम' असे आणि क्वार्टर्सच्या फाटकात 'वहिनी'. मधल्या दहा मिनिटांच्या रस्त्यात ते मला काहीच म्हणत नसत, कारण सायकल हातात धरून चालताना ते स्वतःशी पुढचा तास शिकवत असत.

आता डब्याची गोष्ट. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत करत नाहीत. काहीच नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात सिंधूताईंनी शेंगोळे पाठवले. शेंगोळे म्हणजे हुलग्याच्या पिठाची वळलेली बोटं, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेली. मी ते प्रथमच खाल्ले. डबा घासून, पुसून, तळाशी साखर घालून मी परत दिला. दहा मिनिटांत सर कठड्याशी हजर. हातात कागदाच्या पुडीत माझी साखर.

"वहिनी, ही तुमची साखर."

"अहो सर, रिकामा डबा कसा द्यायचा?"

"रिकामाच द्यायचा. तसाच. न धुता."

"न धुता?"

"व्हय. म्हंजे कळतं, तुमी खाल्ले का टाकले. रस्सा उरला का, शेंगोळे उरले, का निस्ता लसूण बाजूला काढला. तुमी घासून, वर साखर घालून दिला, तर सिंधूला काय कळनार? ती बिचारी पुढच्या खेपंला तेवढंच तिखट घालनार."

मी अर्थातच न धुतलेला डबा कधी दिला नाही. माझ्या आईनं मला तसं वाढवलं नव्हतं. साखर घालायचंही सोडलं नाही. आणि सरांनी ती साखर परत आणायचंही सोडलं नाही. पंचवीस-तीस वर्षं आमच्यात हे चाललं. ती पुडी कठड्यावर ठेवून ते एकच वाक्य बोलत, "परत काय आलं ते बघा, वहिनी. गेलं किती, ते कुनीबी सांगंल."

हे वाक्य त्यांचं सगळीकडे चाले. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाच्या जेवणात बाकी प्राध्यापक आचाऱ्याच्या पातेल्यांभोवती उभे असत, सर मात्र खरकट्या ताटांच्या टबापाशी. तिथून ओरडत, "वांग्यात मीठ जास्त झालंय! उद्या भात निम्मा करा!" आचारी वैतागे. "सर, तुमी जेवा ना आधी." "जेवतो की. आधी तुझं काय चुकलं ते बघून घेतो." परीक्षेचे पेपर तपासतानाही ते मुलांनी काय लिहिलं याच्याआधी काय सोडलं ते बघत. जो प्रश्न निम्म्या वर्गानं सोडला, तो धडा सुट्टी लागायच्या आत पुन्हा शिकवत. पोरं कुरकुरत, पण येत.

पित्त हा त्यांचा सर्वांत आवडता धडा. त्यासाठी ते मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं पित्त आणत. पाण्यावर तेलाचा तवंग आणायचा, त्यात पित्ताचे थेंब टाकून ढवळायचं, की तेलाचे बारीक बारीक कण होऊन पाणी दुधासारखं दिसतं. पोटात चरबीचं हेच होतं, तेव्हाच ती अंगी लागते. प्रयोग साधाच, पण मुलं श्वास रोखून बघत. एकदा हे पित्त त्यांनी स्टीलच्या डब्यात आणलं आणि प्रयोगशाळेला कुलूप म्हणून स्टाफरूमच्या टेबलावर ठेवलं. आमच्या संस्कृतच्या जोशी सरांनी मधल्या सुट्टीत डबा उघडला. गडद हिरवं, दाटसर. त्यांना वाटलं, सिंधूताईंनी पुदिन्याची चटणी पाठवली. त्यांनी पोळीचा घास बुडवून तोंडात घातला.

जोशी सर उभे राहिले. बोलेनात. डोळ्यांतून पाणी. कोणी म्हणालं ठसका लागला, कोणी पाठ थोपटू लागलं. तेवढ्यात दरंदले सर आले, उघडा डबा बघितला आणि त्यांना काय झालं ते कळलं. मला वाटलं आता माफी मागतील. त्यांनी जोशी सरांसमोर खुर्ची ओढली आणि अगदी मनापासून विचारलं, "कसं लागलं, सर? खरं सांगा. इतकी वर्सं शिकवतोय, पन मी कधी चाखलं न्हाई."

जोशी सर त्यांच्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी म्हणाले, "कडू. पण आधी क्षणभर गोड." दरंदले सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

मला या धड्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. पण मुलांची पुस्तकं इंग्रजीत, आणि सर शिकवणार मराठीत, म्हणून त्यांनी दोन्ही भाषांत टिपणं काढायची ठरवली. इंग्रजी बाजू मी तपासायची आणि स्वच्छ अक्षरात उतरवून द्यायची. मी म्हणाले, विषय समजल्याशिवाय मी एकही ओळ उतरवणार नाही. ते म्हणाले, "मग या की तासाला." म्हणून एका सकाळी मी त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले.

सरांनी दूध संघातून सहा रिकामे कॅन मागून आणले होते. चार पोरांना त्यांनी पुढे उभं केलं. खिडकीपाशी उभा राहिला तो दूध संघ, म्हणजे यकृत. पुढची तीन पोरं म्हणजे रस्त्यावरची गावं, म्हणजे आतडं. शेवटचं गाव दाराशी.

"संघ काय करतो? कॅन गावाला धाडतो. कॅन गावातलं दूध गोळा करतो. पित्त काय करतं? आतड्यात जाऊन खाल्लेली चरबी गोळा करतं. मग कॅनचं काय व्हतं? फेकून देतो का आपन?"

"नाही सर."

"परत येतो! पित्त बी परत येतं. लहान आतड्याच्या पार शेवटाला, जवळजवळ सगळं शोषलं जातं आन् रक्तातून थेट यकृतात येतं. तेच पित्त दिवसातनं कितीतरी फेऱ्या मारतं. थोडं सांडतं, वाया जातं. मग संघानं नवे कॅन किती घ्यायचे?"

कॅन टणाटण वाजत वर्गभर फिरले. एक कॅन त्यांनी मुद्दाम पायानं बाकाखाली ढकलला. पाच परत आले. यकृत झालेला पोरगा, गणोरे गावचा, जरा विचार करून म्हणाला, "एक घ्यायचा, सर."

"का एक?"

"एक आला न्हाई म्हनून."

"शाब्बास! जेवढं आलं न्हाई तेवढंच नवं. यकृत ते कोलेस्टेरॉलपासून तयार करतं. कमी केलं तर चरबी पचनार न्हाई. जास्त केलं तर? पित्त साबनासारखं असतं रे. जास्त झालं तर स्वतःच्याच घराला जाळील. म्हनून यकृत दारात उभं ऱ्हाऊन मोजतं. भरपूर आलं की नवं काम बंद. कमी आलं की काम चालू." मग माझ्याकडे बघून, "परत काय आलं ते बघा, मॅडम."

शेवटी एका पोरानं विचारलं, "आन् सर, संघाचा दरवाजाच बंद झाला तर?"

सरांनी हिरवा खडू बोटांत फिरवला. "मग कॅन आत अडकनार, ढीग लागनार, आन् कुंपनावरून रानात सांडनार. पित्त रक्तात उतरतं. मानसाला खाज सुटते. अंगावर काय दिसत न्हाई, पन खाज सुटते."

हे वाक्यही टिपणात होतं. मी ते तीन वेळा लिहिलं. एकदा कच्चं, एकदा पक्कं, आणि एकदा सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर. हे लक्षात ठेवा.

पुढे बऱ्याच वर्षांनी, निवृत्तीला थोडाच काळ उरला असताना, सर पुण्याला प्राध्यापकांच्या उजळणी वर्गाला गेले आणि परत आले ते तोंड पाडून. मला वाटलं तब्येत बिघडली. सिंधूताई म्हणाल्या, "जेवनात लक्ष न्हाई. कोन मेलंय का इचारा."

कोणी मेलं नव्हतं. पुण्यात त्यांना कळलं होतं की यकृत नुसतं दारात मोजत नाही. आतड्याचा शेवटचा भाग पित्त शोषून घेतानाच रक्तातून यकृताला वेगळा निरोप धाडतो, की माल पोचतोय, नवं करायचं थांबव. शेवटच्या गावातून टेम्पोवाल्यानं संघाला आधीच फोन करावा तसं. हा फोन त्यांच्या धड्यात नव्हता. त्यांनी शिकवायला सुरुवात केली तेव्हा तो कुणालाच ठाऊक नव्हता.

"मग त्यात तुमची काय चूक?" मी म्हणाले.

"चूक न्हाई वहिनी. पन पोरं अर्धं घेऊन गेली ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोस्टातून कार्डांचा गठ्ठा आणला. कॉलेजच्या जुन्या रजिस्टरांतून पत्ते काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर पोस्टमनला वाचता येई. प्रत्येक कार्डावर ते स्वतः लिहीत, "यकृताच्या पाठात मी तुला अर्धं सांगितलं. शेवटच्या गावातून निरोप येतो. वहीत दुरुस्ती करून घे. तुझा, भा. दरंदले." त्या वह्या कधीच रद्दीत गेल्या होत्या, हे त्यांनाही माहीत होतं. पुष्कळ कार्डं 'पत्ता सापडत नाही' अशा शिक्क्यानिशी परत आली. ती त्यांनी वेगळी बांधून ठेवली. उत्तरं मोजकीच. एक गणोऱ्याच्या त्या यकृताचं होतं. तो आता कोंबड्यांचं खाद्य विकत होता. त्यानं लिहिलं होतं, "सर, वही नाही. पण मी यकृत होतो, त्यामुळे दुरुस्ती माझ्यातच केली." ते कार्ड सर शर्टाच्या खिशात घेऊन फिरत. महिन्याभरात तेही हिरवं झालं.

मग सई, तुमची आई, बाळंतपणाला माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. तेव्हा ती आणि तुमचे बाबा बंगळूरला राहत. आठवा महिना सरत आला होता, मे महिन्याचा उन्हाळा. आम्ही सगळे निवृत्त झालो होतो, पण क्वार्टर्स सोडून जवळच शेजारी शेजारी घरं बांधली होती आणि मधे पुन्हा तसाच कठडा ठेवला होता.

सईला खाज सुटली. तळपायांना आधी, मग तळहातांना. पुरळ नाही, गांधी नाहीत. बसल्या बसल्या ती पाय घासत राही, रात्री झोप नाही. मी माझ्या पद्धतीप्रमाणे एक वही केली. तारीख, काय खाल्लं, कुठला साबण, कुठल्या कपड्यांना खाज जास्त. साबण बदलला. कडुलिंबाच्या पाण्याची आंघोळ, खोबरेल, गुलकंद, सब्जा. कामाच्या कमलबाई म्हणाल्या, "उन्हाळ्याची पोटुशी, अंगात उष्णता व्हनारच." मला ते पटलं. डॉक्टरीणबाईंकडे जायची तारीख पुढच्या मंगळवारी होती. खाजेसाठी कुठे फोन करायचा, असं मीच ठरवलं. सईनं दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी नको म्हणाले.

त्या गुरुवारी सिंधूताईंनी तिच्यासाठी शेंगोळे पाठवले. सईला ते लहानपणापासून प्राणप्रिय. तिनं दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. सिंधूताईंना वाईट वाटायला नको म्हणून मी उरलेले दुसऱ्या भांड्यात काढले, डबा घासला, पुसला, साखर घातली आणि कमलबाईंच्या हाती परत पाठवला.

दुपारी चारला सर दारात. हातात पुडी.

"वहिनी, ही साखर."

"ठेवा हो सर आता. आपली वयं झाली."

"ऱ्हाऊ द्या साखरंचं. पोरीनं किती खाल्लं ते सांगा."

"आवडले तिला."

"आवडले ते ठावं हाय. खाल्ले किती?"

मी उत्तर द्यायच्या आत आतून सईचा आवाज आला, "काका, आई खोटं बोलतेय. दोन घास खाल्ले. मला काही जातच नाही." ती हळूहळू बाहेर आली, पायरीवर बसली आणि काथ्याच्या पायपुसण्यावर तळपाय घासू लागली. सर तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या पायांकडे बघत होते.

"मुंग्या येत्यात का गं?"

"मुंग्या कसल्या, खाज. आठ दिवस झाले. जीव नकोसा झालाय, काका."

"अंगावर काय उठलंय?"

"काहीच नाही."

"हात दाखव."

तिनं तळवे पुढे केले. खाजवून लाल झालेले, बाकी स्वच्छ. सरांनी पुडी कठड्यावर ठेवली. मग माझ्याकडे वळून, आवाज उतरवून, लघवीचा रंग विचारला. मी सांगितला. त्याच सकाळी वहीत मी 'गडद, पाणी कमी पितेय' असं लिहिलं होतं.

"वहिनी, डॉक्टरीणबाईंना फोन लावा."

"मंगळवारी जायचंच आहे, सर."

"मंगळवार न्हाई. आत्ता."

"उन्हाळ्याची उष्णता असते हो."

"वहिनी," ते म्हणाले, आणि मी त्यांना आवाज चढवताना तेव्हा एकदाच ऐकलं, "कॅन अडकलेत! दरवाजा बंद झाला की खाज सुटते, अंगावर काय दिसत न्हाई. तुमीच लिवलंय ते. तुमच्या अक्षरात हाय माझ्या घरी!"

ते जरा शांत झाले. "मी डॉक्टर न्हाई. माझं चुकलं तर जलमभर हसा मला. जोशी सरांना बी बोलवा हसायला. पन आज जावा. तुमी फोन केल्याबिगर मी हितनं हलनार न्हाई." आणि सत्तरीच्या घरातला तो माणूस खरोखरच आमच्या उंबऱ्यावर बसला.

तुमच्या आजोबांनी गाडी काढली. डॉक्टरीणबाईंनी सईचं सगळं ऐकून घेतलं आणि रक्त पुण्याला पाठवलं, पित्तातली आम्लं त्यात किती आहेत ते बघायला. गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या. त्या म्हणाल्या, कधी कधी गरोदरपणात यकृतातून पित्त बाहेर पडणं मंदावतं आणि ते रक्तात साचतं. "त्रास आईला होतो, पण धोका बाळाला असतो. बाळाची हालचाल रोज मोजा. कमी वाटली तर क्षणभरही थांबू नका."

अर्णव, ते दिवस मी सांगू शकत नाही. सांगता येईल ते एवढंच, की रोज सकाळी दूध घ्यायला बाहेर आले की सर कठड्याशी उभे असत. नमस्कार नाही, काही नाही. "बाळ हाललं?" मी "हो" म्हटलं की मान डोलावून आत. एवढंच. एका सकाळी मी "अजून नाही" म्हणाले. ते तिथेच थांबले. मी आत गेले, सईच्या पोटावर हात ठेवून बसले, बऱ्याच वेळानं तू लाथ मारलीस. बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा सिंधूताई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या आणि दोघांच्याही चहाच्या कपांवर साय धरली होती.

रिपोर्ट आला. आकडा फार वर होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी दिवस पूर्ण भरायची वाट बघणार नाही. बाळ सोसेल एवढं झालं की आपण त्याला बाहेर घेऊ. तसंच झालं. तू तीन आठवडे आधी आलास, छोटासा, पण कर्कश रडत. दोन दिवसांत तुझ्या आईची खाज गेली.

सर दवाखान्यात आले ते डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. पाळण्यात नुसतं डोकावले. मग सईला म्हणाले, "हात दाखव." तिनं तळवे पुढे केले.

"खाज?"

"गेली, काका."

"मग झालं," म्हणाले आणि निघाले. दारातून वळून मला, "डबा रिकामा धाडा."

घरी आल्यावर मी ती टिपणं मागून घेतली. पान लगेच सापडलं. माझं अक्षर, सरळ समास, एकही खाडाखोड नाही. कितीतरी वर्षं मला वाटत होतं की मला तो धडा कळला आहे. मी सरांना विचारलं, "मी तीनदा लिहिलं, तरी मला कसं नाही उमगलं?"

ते म्हणाले, "शिकवलं तर मीच ना? मला तरी कुठं कागदावरनं उमगलं? डबा लई चकचकीत आला, पोरीनं किती खाल्लं ते कळंना, म्हनून आलो मी." यापलीकडे तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मलाही कधी टोचून बोलले नाहीत.

पुढे सिंधूताई गेल्या. सरांचा मुलगा त्यांना नगरजवळ केडगावला आपल्या घरी घेऊन गेला. कठड्यापलीकडे दुसरी माणसं राहायला आली. चांगली आहेत. त्यांचा डबा मी साखर घालून देते, ती ठेवून घेतात.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही आला होतात तेव्हा आपण केडगावला गेलो, आठवतं? पुण्याच्या रस्त्याला लागून आत वळलो, ते पेरूचं झाड असलेलं घर. खाटेवर बसलेले ते लांबलचक आजोबा, ज्यांनी तुला पहिलंच वाक्य म्हटलं, "हात दाखव रे." तू आईकडे बघितलंस. त्यांनी तुझे तळवे उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "कॅन येळंवर येत्यात." मीरानं न सांगता आपलेही हात पुढे केले. त्यांनी तेही तितकंच लक्ष देऊन तपासले.

मी शेंगोळे करून नेले होते, सिंधूताईंच्या हातासारखे करायचा प्रयत्न करून. सर फार वाळले होते. त्यांनी तीन घास खाल्ले, तिसऱ्याला डोळे मिटले. "लसूण जळाला न्हाई तुमचा. सिंधूचा कवाकवा जळायचा." उरलेले सुनेनं आत नेले. निघताना सून डबा घासून घेऊन आली, तर सरांनी तो तिच्या हातातून घेतला आणि काठी टेकत आत गेले. आपण गाडीत बसलो तरी ते बाहेर येईनात. तू हॉर्न वाजवू का म्हणालास, मी नको म्हणाले. मग ते आले, खिडकीतून डबा माझ्या मांडीवर ठेवला.

तुझी आई गाडी वळवत होती. डबा जड लागला म्हणून मी झाकण उघडलं. निम्मा डबा साखर होती. एवढ्या वर्षांत त्यांनी माझी चिमूटभर साखर एकदाही ठेवून घेतली नव्हती. सईनं बघितलं आणि म्हणाली, "काका नियम विसरले वाटतं." मी म्हणाले, "हं." पण ते विसरले नव्हते. आता यापुढे कुठला डबा कसा परत येतो, हे बघायला आपण नसू, हे त्यांना ठाऊक होतं.

मी मान वर केली. सर फाटकाशी उभे होते. हात हलवत नव्हते. ओठ हलत होते, आणि उजव्या हाताचं एक बोट गाडीच्या काचांवरून हळूहळू पुढे सरकत होतं. सई. मीरा. मग अर्णव. तुझ्यावर ते बोट जरा थांबलं. मोजणी पुरी झाली, तसे ते वळले आणि काठी टेकत आत गेले.